आधी कलम उघड : व्हॅलेन्सियात स्पॅनिश कायदा शिकताना

स्पॅनिश नागरी संहितेच्या पहिल्या कलमातलं पहिलं वाक्य आमच्या प्राध्यापकबाईंनी पहिल्याच आठवड्यात सगळ्या वर्गाकडून पाठ करून घेतलं. स्पेनच्या कायदेव्यवस्थेचे स्रोत तीन : कायदा, रूढी आणि कायद्याची सर्वसाधारण तत्त्वं. संहिता १८८९ची आहे. तिचं हे प्रास्ताविक प्रकरण १९७४मध्ये नव्याने लिहिलं गेलं, आणि स्पेनमध्ये कायदा शिकणारा विद्यार्थी आजही इथूनच आत शिरतो.

पुण्यात एलएल.बी. करून मी व्हॅलेन्सियाला गेले होते. पदव्युत्तर अभ्यासाआधी परदेशी विद्यार्थ्यांना स्पॅनिश कायद्याच्या मूलतत्त्वांचा एक विषय पूर्ण करावा लागत होता. वर्गात इटलीचे, ब्राझीलचे, मोरोक्कोचे विद्यार्थी होते. भारतातल्या आम्ही दोघी होतो, मी साक्री तालुक्यातली आणि दुसरी मडगावची. ते वाक्य पाठ करताना मी त्यात एक चौथी गोष्ट शोधत होते, ती म्हणजे न्यायनिवाडा. आपल्याकडे घटना शिकवतात ती केशवानंद भारती आणि मनेका गांधी यांच्या खटल्यांवरून. आपल्या घटनेचं कलम १४१ सांगतं की सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक आहे. त्यामुळे प्रश्न समोर आला की आमचा हात आधी निकालांकडे जातो. व्हॅलेन्सियात बाई प्रत्येक तासाला एकच सांगायच्या, "आधी कलम उघड."

न्यायनिवाडा आहे, पण तो त्याच कलमाच्या सहाव्या परिच्छेदात आहे. तिथे म्हटलंय की कायदा, रूढी आणि तत्त्वं यांचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालय जी भूमिका वारंवार घेतं, ती कायदेव्यवस्थेला पूरक ठरते. 'वारंवार' ही अट महत्त्वाची. एका निकालाने भागत नाही, निदान दोन निकाल एका दिशेचे लागतात. हे नुसतं वाचून माझ्या पचनी पडलं नव्हतं. ते पटलं एका उदाहरणाने, आणि मूलतत्त्वं शिकणाऱ्या कोणालाही मी आधी तेच उदाहरण वाचायला सांगेन.

स्पेनमध्ये बापाला मुलाला वारसाहक्कातून सहज काढून टाकता येत नाही. त्याची कारणं संहितेत मोजून दिली आहेत. आईबापांना पोटगी नाकारणं, त्यांना मारहाण करणं, गंभीर शिवीगाळ करणं, अशी. शंभर वर्षांहून अधिक काळ 'मारहाण' म्हणजे शरीराला झालेली इजाच धरली जायची. ३ जून २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयापुढे असं प्रकरण आलं की मुलांनी आजारी वडिलांना शेवटच्या वर्षांत पूर्णपणे टाकून दिलं होतं, त्यांचा अपमान केला होता, आणि वडिलांनी मृत्युपत्रात त्यांना वगळलं होतं. न्यायालयाने मानसिक छळही त्या कलमात बसवला. त्यासाठी आधार घेतला घटनेतल्या मानवी प्रतिष्ठेचा आणि आजच्या समाजाच्या धारणांचा. नागरी संहितेच्या तिसऱ्या कलमातही हेच आहे : कायद्याचा अर्थ शब्दांवरून, संदर्भावरून, इतिहासावरून आणि ज्या काळात तो लावायचा त्या काळाच्या सामाजिक वास्तवावरून लावावा. पुढे ३० जानेवारी २०१५ला दुसरा निकाल त्याच दिशेने आला, या वेळी आईची मालमत्ता फसवून काढून घेणाऱ्या मुलाच्या बाबतीत. दोन निकाल झाले आणि भूमिका पक्की झाली. संहितेतला एक शब्दही बदलला नाही, तरी कायदा पुढे सरकला. ही दोन निकालपत्रं शेजारी ठेवून वाचली त्या संध्याकाळी मला ही व्यवस्था पहिल्यांदा आतून कळली. लिखित कलमाला इथे पहिला मान आहे, पण म्हणून ते गोठलेलं नाही.

पहिल्याच कलमाचा शेवटचा परिच्छेद मला त्याहूनही आवडला. समोर आलेल्या प्रत्येक प्रकरणाचा निकाल देणं हे न्यायाधीशाचं कर्तव्य आहे आणि त्यातून सुटका नाही. कायदा अस्पष्ट आहे, अपुरा आहे, गप्प आहे, असं कारण सांगून न्यायाधीशाने निकाल टाळला तर तो दंडसंहितेनुसार गुन्हा ठरतो आणि त्याला सार्वजनिक पदासाठी काही काळ अपात्र ठरवलं जातं. तीन स्रोतांची उतरंड या कर्तव्यासाठीच रचलेली आहे. कायदा नसेल तर रूढी, रूढी नसेल तर तत्त्वं, पण दाद मागणाऱ्याला उत्तर दिल्याशिवाय परत पाठवायचं नाही.

'तत्त्वं' हा भाग सुरुवातीला मला धूसर वाटायचा. पण त्यातली बरीचशी तत्त्वं लिहिलेलीच आहेत. हक्क बजावताना सद्भाव हवा, हक्काचा दुरुपयोग चालणार नाही, या दोन गोष्टी सातव्या कलमात आहेत. कायद्याच्या आडून कायद्यालाच बगल देणाऱ्या व्यवहाराचा बंदोबस्त सहाव्या कलमात आहे. काही तत्त्वं मात्र न्यायालयांनी उभी केली. कोणतंही कारण नसताना दुसऱ्याच्या खर्चाने कोणी श्रीमंत होऊ नये, हे त्यातलं सर्वांत परिचित.

यानंतर आला घटनेचा भाग, आणि त्यात नववं कलम, परिच्छेद तीन. स्पेनमधले विद्यार्थी ते श्लोकासारखं म्हणतात. कायद्याचं अधिराज्य, नियमांची उतरंड, नियमांची प्रसिद्धी, माणसाला प्रतिकूल ठरणाऱ्या दंडात्मक तरतुदी मागे लागू न होणं, कायद्याची शाश्वती, सत्तेची जबाबदारी आणि सत्तेच्या मनमानीला बंदी. एका वाक्यात सात गोष्टी. फ्रँकोच्या जवळजवळ चार दशकांच्या हुकूमशाहीनंतर तीन वर्षांनी हे लिहिलं गेलं. त्यातला शेवटचा मुद्दा कुठून आला हे स्पॅनिश मुलांना कोणी समजावून सांगावं लागत नाही, आजीआजोबांच्या आठवणी घरात असतातच.

'प्रसिद्धी'चं तत्त्व शिकताना बाईंनी आम्हाला थेट सरकारी राजपत्र उघडायला लावलं. तिथे त्याला सगळे 'बोए' म्हणतात. वेगळं काही सांगितलं नसेल तर कायदा 'बोए'त पूर्ण प्रसिद्ध झाल्यावर वीस दिवसांनी लागू होतो. परदेशांशी झालेला करारही तिथे छापून आल्याशिवाय देशात थेट लागू होत नाही. घटनेचाच इतिहास घ्या. ६ डिसेंबर १९७८ला सार्वमत झालं, २७ डिसेंबरला राजाने मंजुरी दिली, आणि ती २९ तारखेला प्रसिद्ध होऊन त्याच दिवशी लागू झाली. मधला २८ डिसेंबर हा स्पेनमध्ये एकमेकांना फसवायचा, गमती करायचा दिवस, म्हणून तो टाळला असं सांगतात. आता राजपत्र २००९पासून इंटरनेटवरच निघतं आणि सगळे कायदे दुरुस्त्यांसह, फुकट, एकत्र वाचायला मिळतात. मात्र असा जोडून तयार केलेला मजकूर केवळ माहितीसाठी असतो. अधिकृत मजकूर म्हणजे त्या-त्या दिवशी प्रसिद्ध झालेला. निबंधात उद्धृत करताना हा फरक पाळला नाही तर गुण कापले जायचे, आणि ते बरोबरच होतं.

उतरंडीच्या बाबतीत भारतीय विद्यार्थ्याला सर्वांत मोठा धक्का बसतो तो इथे. आपल्याकडे उच्च न्यायालय संसदेचा कायदा घटनाबाह्य ठरवू शकतं. स्पेनमध्ये साध्या न्यायालयाला ते करता येत नाही, अगदी सर्वोच्च न्यायालयालाही नाही. एखाद्या न्यायाधीशाला आपल्या खटल्यात लागू होणारा कायदा घटनेशी विसंगत वाटला, तर त्याने तो प्रश्न माद्रिदच्या घटनात्मक न्यायालयाकडे पाठवायचा. तिथे बारा न्यायाधीश असतात, आणि कायदा रद्द करण्याचा अधिकार त्यांचाच. हे न्यायालय नेहमीच्या न्यायव्यवस्थेचा भागच नाही, ते वेगळं आहे. घटनादुरुस्तीही सोपी नाही. राजपद, मूलभूत हक्क किंवा प्रास्ताविक भाग बदलायचा तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं, मग संसद विसर्जित, नव्या संसदेत पुन्हा दोन तृतीयांश आणि शेवटी सार्वमत. आजवर फक्त तीन दुरुस्त्या झाल्या, १९९२, २०११ आणि २०२४मध्ये, आणि त्यांतली एकही या अवघड वाटेने गेलेली नाही.

देशाच्या कायद्याच्याही वर युरोपीय संघाचा कायदा आहे, आणि तो कागदावरचा नाही हे मोहम्मद अझीझ यांच्या खटल्यातून कळतं. या मोरोक्कन गृहस्थांनी २००७मध्ये घरासाठी १,३८,००० युरोंचं कर्ज घेतलं, हप्ते थकले, घराचा लिलाव झाला. करारातली अटच अन्यायकारक आहे असं त्यांचं म्हणणं होतं, पण तेव्हाच्या स्पॅनिश प्रक्रियेत ते सांगायचं तर वेगळा दावा लावावा लागे, आणि तोवर जप्ती थांबत नसे. बार्सिलोनाच्या न्यायाधीशाने प्रश्न युरोपीय संघाच्या लक्झेंबर्गमधल्या न्यायालयाकडे पाठवला. १४ मार्च २०१३ला निकाल आला की ही प्रक्रिया ग्राहकसंरक्षणाच्या युरोपीय नियमांशी विसंगत आहे. दोन महिन्यांत स्पेनने कायदा बदलला. आमच्या वर्गातला मोरोक्कोचा मुलगा हे प्रकरण मांडताना उभा राहून बोलला. तिथे विद्यार्थी बसूनच बोलतात, त्यामुळे ते सगळ्यांच्याच लक्षात आलं.

आता रूढी. तिसऱ्या क्रमांकाचा धडा पुस्तकात पाऊण पानाचा होता. लागू होणारा कायदा नसेल, रूढी नीतीला आणि सार्वजनिक व्यवस्थेला धरून असेल आणि ती सिद्ध झाली असेल, तरच ती चालते. मला तेवढ्यावर समाधान नव्हतं. व्हॅलेन्सियात राहून रूढी पुस्तकात शिकायची, हे मला पटेना. गुरुवारी दुपारी मी कॅथेड्रलच्या प्रेषितांच्या दारापाशी जाऊन उभी राहिले. तिथे दर गुरुवारी बारा वाजता पाण्याचं न्यायालय भरतं.

तुरिया नदीतून निघालेल्या आठ कालव्यांचे आठ प्रतिनिधी काळे शेतकरी झगे घालून येतात आणि दारातल्या लाकडी खुर्च्यांवर गोलात बसतात. ते स्वतः त्या कालव्यांवर भिजणाऱ्या जमिनीचे शेतकरी असतात, शेतकऱ्यांनीच निवडून दिलेले. न्यायालयाचा शिपाई एकेका कालव्याचं नाव घेऊन पुकारतो, "क्वार्त कालव्याचे आरोपी!" कोणी पुढे आलं तर सुनावणी तिथेच, तोंडी, व्हॅलेन्सियन भाषेत. कागद नाही, वकील नाही. कुणी पाणी चोरलं, पाळी नसताना दार उघडलं, कालवा साफ केला नाही, शेजाऱ्याच्या शेतात पाणी सोडलं, असे विषय. ज्या कालव्याचा वाद असेल त्याचा प्रतिनिधी निर्णयात भाग घेत नाही. निर्णय लगेच होतो आणि त्यावर अपील नाही. बहुतेक गुरुवारी एकही तक्रार नसते. शिपाई आठ नावं पुकारतो, कोणी येत नाही, आणि पाच-दहा मिनिटांत सगळे उठतात. मी गेले त्या पहिल्या दिवशी असंच झालं. भोवती कॅमेरे घेतलेले पर्यटक जरा हिरमुसले, पण माझ्या दृष्टीने ते आठ वेळा पडलेलं मौन फार मोठं होतं. भांडण नाही, कारण नियम सगळ्यांना माहीत आहे आणि मान्य आहे.

हे न्यायालय पर्यटकांसाठी मांडलेला देखावा नाही, आणि कायद्याच्या विद्यार्थ्याने इथेच लक्ष द्यायला हवं. घटनेचं कलम १२५ रूढीने चालत आलेल्या पारंपरिक न्यायालयांना मान्यता देतं, आणि १९८५च्या न्यायव्यवस्थेच्या कायद्यात या न्यायालयाचा नावानिशी उल्लेख आहे. मुर्सियाच्या अशाच एका सभेलाही तशी मान्यता आहे, आणि दोन्हींची नोंद युनेस्कोने २००९मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत केली. म्हणजे उतरंडीच्या माथ्यावरची घटना स्वतःहून खाली वाकते आणि रूढीला हात देते.

माझ्या आजोबांची शेती पांझरेच्या काठी फडात होती. धुळे-नाशिककडे फड पद्धत म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. नदीवर बंधारा, त्यातून पाट, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि पाण्याच्या पाळ्यांवर गावानेच नेमलेला हवालदार आणि पाटकरी. वाद झाला तर बंधाऱ्यावरचे लोकच बसून मिटवत. फोनवर मी आजोबांना व्हॅलेन्सियाचं सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "पाणी कमी पडलं की वाटणी कशी करतात?" मी सांगितलं, जमिनीच्या प्रमाणात, सगळ्यांचं सारखं कमी होतं. ते म्हणाले, "मग खरं न्यायालय आहे." त्यांना कायद्याचा इतिहास नको होता, त्यांनी नेमका मुद्दा विचारला. धरणं आणि विहिरी आल्यावर आमच्याकडचे कितीतरी फड मोडले. त्यांना कायद्याने कधी असा हात दिला असता तर, हा विचार मला त्या दिवसापासून सोडत नाही. पदव्युत्तर प्रबंधाचा विषय मला तिथेच सापडला.

वारसाहक्काच्या प्रकरणात मडगावची मैत्रीण माझ्या पुढे गेली. स्पॅनिश नागरी संहितेनुसार मुलं असलेल्या माणसाला आपली सगळी मालमत्ता हवी तशी वाटता येत नाही. समजा, तीन लाख युरोंची मालमत्ता आहे. एक लाख मुलांमध्ये समान वाटावेच लागतात. दुसरा एक लाख मुलानातवंडांतच राहायला हवा, पण त्यात कोणाला कमीजास्त द्यायचं हे मृत्युपत्र करणारा ठरवतो, आणि त्यावर हयात जोडीदाराला उपभोगाचा हक्क असतो. उरलेला एक लाख तेवढा मोकळा. मला हे अवघड गेलं, कारण आपल्याकडे हिंदू माणूस स्वकष्टार्जित मालमत्ता मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतो. मैत्रिणीला मात्र ते घरचंच होतं. गोव्यात १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा आहे, आणि त्या परंपरेतून आलेल्या आजच्या गोव्याच्या वारसा कायद्यातही मुलांचा अर्धा हिस्सा राखीव आहे. तिच्या आजीच्या घराची वाटणी तिने वर्गात फळ्यावर काढून दाखवली, बाई बाजूला उभ्या राहून ऐकत होत्या.

गंमत पुढे आहे. स्पेनमध्ये हा नियम सगळीकडे एक नाही. कातालोनियात मुलांचा राखीव वाटा चौथा हिस्सा, आरागोनमध्ये अर्धा, पण तो सगळा एकाच मुलाला दिला तरी चालतो. नाव्हार्रात तर पूर्वापार चालत आलेलं एक सूत्र आहे, पाच जुनी नाणी आणि डोंगरावरच्या सामाईक जमिनीचा एक तुकडा, ज्याची प्रत्यक्षात कोणी मागणी करू शकत नाही. थोडक्यात तिथे मृत्युपत्र करणारा जवळजवळ मोकळा. कोणाला कोणता नियम हे धर्मावर नाही, तर प्रदेशाशी असलेल्या नागरी नात्यावर ठरतं. स्पॅनिश माणूस दुसऱ्या प्रदेशात दोन वर्षं राहून तसं जाहीर करू शकतो, किंवा विरुद्ध काही न सांगता दहा वर्षं राहिला की ते नातं आपोआप बदलतं. समान नागरी कायद्यावर आपल्याकडे इतकं बोललं जातं, तेव्हा एक लोकशाही देश एकाच घटनेखाली अनेक नागरी कायदे प्रदेशानुसार कसे नांदवतो, हे मराठी विद्यार्थ्यांनी जरूर अभ्यासावं असं मला मनापासून वाटतं.

सत्राच्या मध्यावर आम्हाला फौजदारी सुनावण्या पाहून टिपण लिहायचं होतं. घटनेचं कलम १२० सांगतं की न्यायालयीन कामकाज, काही अपवाद सोडता, सार्वजनिक असतं. मी व्हॅलेन्सियाच्या न्यायनगरीत गेले, दारावर पासपोर्ट दाखवला आणि सरळ दालनात जाऊन मागच्या बाकावर बसले. कोणी का आलीस असं विचारलं नाही. पाच वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे एकटे न्यायाधीश ऐकतात, ते हे दालन होतं. वकील आणि सरकारी वकील दोघेही काळा झगा घालून समोरासमोर, एकाच उंचीवर बसलेले. सगळं कामकाज चित्रित होतं.

दारू पिऊन गाडी चालवल्याचं प्रकरण होतं. आरोपी तरुण, गोदामात काम करणारा. न्यायाधीशांनी त्याला त्याचे हक्क सांगितले : गप्प बसण्याचा, स्वतःविरुद्ध न बोलण्याचा, हव्या त्या प्रश्नांनाच उत्तर देण्याचा. साक्षीदारांना खरं बोलण्याची शपथ होती, त्याला नव्हती. दंडाची चर्चा निघाली तेव्हा त्याचा पगार किती, घरभाडं किती, मुलं किती, हे विचारलं गेलं. कारण स्पेनमध्ये असा दंड दिवसांत मोजतात. गुन्ह्याच्या गांभीर्यावर दिवस ठरतात आणि दर दिवसाची रक्कम माणसाच्या ऐपतीवर, दोन युरोंपासून चारशेपर्यंत. सहा महिने, म्हणजे १८० दिवस, रोज सहा युरो, तर दंड १,०८० युरो. त्याच गुन्ह्याला त्याच दिवसांचा दंड श्रीमंत माणसाला कितीतरी पट महाग पडतो. समानता म्हणजे सगळ्यांना एकच रक्कम नव्हे, हे घटनेच्या चौदाव्या कलमावरच्या दहा व्याख्यानांनी सांगितलं नसतं तितकं त्या तासाभराने सांगितलं.

दोन्ही वकिलांची भाषणं संपल्यावर न्यायाधीशांनी आरोपीकडे वळून विचारलं, तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे का? शेवटचा शब्द आरोपीचा, हा नियम १८८२च्या फौजदारी प्रक्रिया कायद्यातला आहे आणि तो दुरुस्त्यांसह अजून चालू आहे. तरुणाने मान हलवून नाही म्हटलं. मग न्यायाधीश म्हणाले, प्रकरण निकालासाठी राखून ठेवलं आहे. विचारणं ही औपचारिकता होती खरी, पण ती चुकवता येत नाही. मी टिपणात निम्मं पान त्या एका प्रश्नावरच लिहिलं.

शिकलेलं वापरायची वेळ परीक्षेआधीच आली. मी जी खोली सोडली तिच्या घरमालकाने अनामत परत द्यायला टाळाटाळ सुरू केली. करारात लिहिलं होतं की अनामत तीन महिन्यांनी मिळेल, व्याज नाही. विद्यार्थ्यांचे असे करार बहुधा ठरावीक मुदतीचे असतात, नेहमीच्या राहत्या घराचे नसतात. त्यामुळे भाडेकरूला मिळणारं बरंचसं संरक्षण त्यांना लागू होत नाही. करारस्वातंत्र्य हे तत्त्व, नागरी संहितेचं कलम १२५५. पण त्याच कलमात त्याची मर्यादाही आहे, आणि १९९४च्या भाडेकायद्याने काही प्रकरणं सर्वच करारांसाठी सक्तीची केली आहेत. अनामतीचं प्रकरण त्यातलं. किल्ल्या दिल्यापासून महिन्यात अनामत परत केली नाही तर कायदेशीर व्याज सुरू होतं. मी टपाल कार्यालयात जाऊन बुरोफॅक्स पाठवला. मजकुराची आणि पोचपावतीची नोंद राहते अशी ही टपालसेवा आहे, आणि स्पेनमध्ये भांडणाची पहिली पायरी बहुतेक वेळा तीच असते. पत्र पाच ओळींचं होतं. किल्ल्या दिल्याची तारीख, रक्कम, कायद्याचं कलम ३६, खात्याचा क्रमांक, आणि दोन हजार युरोंपर्यंतच्या दाव्याला वकील लागत नाही याची मला कल्पना आहे हे एक वाक्य. पैसे खात्यात आले. तिथे शिकायला जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगेन की किल्ल्या देताना तारखेसह लेखी पावती घ्या, पुढचं सगळं त्या कागदावर उभं राहतं.

परीक्षा दोन भागांत होती. तात्त्विक भाग संहितेशिवाय आणि व्यावहारिक भाग संहिता समोर ठेवून. तिच्यात स्वतःचं काही लिहिलेलं चालत नव्हतं, नुसत्या रंगीत खुणा चालत. व्यावहारिक प्रश्न असा होता : एका मध्यमवयीन स्त्रीच्या वडिलांनी गावातल्या लोकांच्या जुन्या वहिवाटीवर विसंबून शेजाऱ्याशी पाण्याचा तोंडी करार केला, वडील वारले, शेजारी म्हणतो असा कोणता कायदा नाही. आमच्यातल्या इटालियन मुलांनी कराराची कलमं धरली. मी रूढीपासून सुरुवात केली. ती कोण सिद्ध करणार, कशाने, साक्षीदार कोण, गावच्या सिंचन संघाच्या नोंदी कुठे, आधी कोणता कायदा लागू होतो का, आणि काहीच हाती लागलं नाही तर सद्भाव आणि विनाकारण लाभाचं तत्त्व कुठे पोहोचवतं. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल मी शेवटी ठेवले, आणि दोन ठेवले.

दहापैकी पाच म्हणजे उत्तीर्ण, नऊच्या पुढे सर्वोत्कृष्ट. मला साडेआठ मिळाले. उत्तरपत्रिका पाहायच्या दिवशी बाईंनी माझ्या रूढीच्या परिच्छेदाखालची त्यांची ओळ दाखवली : वहिवाट किती जुनी हे न्यायालय विचारेलच, पण ती कायद्याने बंधनकारक आहे अशी लोकांची धारणा होती का, हेही सिद्ध करावं लागेल, ते तू कसं करशील? त्या प्रश्नावर आम्ही त्यांच्या खोलीत बराच वेळ बोललो. पांझरेच्या फडांच्या जुन्या नोंदवह्या गावात कोणाकडे आहेत, त्यात पाळी मोडणाऱ्याला काय दंड लिहिला आहे, हे सुटीत शोधून आणायचं ठरलं. आजोबांनी दोन वह्या काढून ठेवल्या आहेत, तिसरी बंधाऱ्याच्या शेवटच्या हवालदाराच्या घरी आहे असं ते म्हणतात.